पांढऱ्या खुंटीच्या तीन वळी

मी गहिनीनाथ. वय सत्तरीच्या घरात, गुडघं गेल्यात, पर जीभ अजून तिखट हाय. ऐकायचं आसंल तर शेवटापत्तुर ऐका. मधीच "अरारा, बिचारा म्हातारा" करायला लागलात तर मी गप बसंन. मला दया नको. दयेनंच सगळा घोळ झालाय.

शेवगावच्या पूर्वेला, फाट्यापासून दीड किलोमीटर आत आमची वस्ती. वस्ती म्हंजी चार घरं. दिवाळी झाली की त्यातली तीन घरं कोयता घिऊन ऊसतोडीला जात्यात. दाराला कुलपं, चुलीवर पालथं पातेलं, कुत्रीसुदीक ट्रॅक्टरमागं पळत फाट्यापत्तुर जात्यात आन माघारी यिऊन माझ्या दारात पडत्यात. चौथं घर माझं. माझी कारभारीन मुक्ताबाई दोन वर्सांखाली गेली. पोरगा वाल्मिक चाकनला कंपनीत हाय. दर रविवारी फोन करतो. "आण्णा, जेवला का?" "जेवलो." "काय जेवला?" "जेवान." झाला फोन. आता त्यात त्याची काय चूक? मलाच त्या डबड्यात बोलता येत न्हाई. मानूस समोर पायजे, त्याचं तोंड दिसाया पायजे. पर समोर मानूस आनायचा कुठनं? पौष-माघात तर आसं व्हायचं की दोन-दोन दिस माझा आवाज मीच ऐकलेला नसायचा. मंग मी उगं शेळीला शिव्या द्यायचो. शेळी गरीब, ऐकून घ्यायची.

आशात ती पोरगी आली. निकिता. शेतकी कॉलेजात एम.एस्सी.ला हुती आन तिला काकडीवर प्रयोग करायचा हुता. हलकी, मुरमाड जमीन पायजे, जिच्यात पालाश, म्हंजी पोटॅश, कमी हाय आशी. माझ्या रानाची माती तपासली तर नेमका पालाश कमी निघाला. म्हनलं, चला, माझ्यात काय कमी हाय ते कुनाच्या तरी उपेगी पडलं.

संक्रांत झाल्यावर नऊ वळी काकडी टोकली. नत्र आन स्फुरद समद्या वळींना सारखंच, ठिबकमधनं. फरक फकस्त पालाशचा. तीन वळींना लाल खुंटी, त्यांना पालाश दुप्पट. तीन वळींना निळी, त्यांना बरोबर मापात. आन तीन वळींना पांढरी खुंटी, त्यांना काहीच न्हाई, नुसतं पानी.

"काहीच न्हाई?" मी इचारलं.

"काहीच नाही, काका. त्याशिवाय पालाशनं किती फरक पडतो ते कळणार कसं? यांच्याशीच तर बाकीच्यांची तुलना करायची."

डोक्याला पटलं. मी काय अडानी न्हाई, सातवी पास हाय. पर डोक्याला पटलं म्हंजी हाताला पटतंय आसं न्हाई.

आता माझ्या हाताचं सांगतो. गावात सप्ता आसू दे, लगीन आसू दे न्हाईतर कुनाचा दहावा, चाळीस वर्सं पंगतीत आमटीची बादली माझ्याच हातात. वाढपी म्हनून माझं नाव अख्ख्या पंचक्रोशीत. बादली डाव्या हातात, ओगराळं उजव्या, वाकून वाढत निघालो की शंभर पानाची पंगत मी एका दमात संपवायचो, आन वळीतल्या एकाबी पत्रावळीवरनं कवा मोकळी बादली पुढं गेली न्हाई. कुनी पाटील आसू दे नायतर भिकारी, वळीत बसला म्हंजी त्याला वाढायचं. न्हाईतर त्याला पाप म्हनत्यात, आन बरोबर म्हनत्यात.

आन ह्या पोरीनं मला काय काम लावलं? दर शनिवारी पालाश पान्यात कालवायचा, बादली घ्यायची, प्लॅस्टिकचा मग घ्यायचा आन वाकून येकेका वेलाच्या मुळाशी ओतत जायचं. आळवनी म्हनत्यात तिला. सांगा बरं, काय वेगळं हाय? लाल वळीला दुप्पट, निळीला मापात, आन पांढरीपाशी आलो की नुसत्या पान्याची बादली. तसाच वाकायचो, तसाच मग वतायचो, आन त्यात काहीच नसायचं. वेलांना तोंड नसतं म्हनून बरं. नसंना, मलाच लाज वाटायची.

तिच्यासाठी मात्र मी सगळं नीट करायचो, हे खोटं न्हाई. ती दर मंगळवारी यायची. धाच्या एस.टी.नं फाट्यावर उतरायची आन मी लुना घिऊन तिथं साडेनवालाच उभा. सोमवारी दाढी. मंगळवारी धुतलेलं धोतर. च्यामारी, मुक्ताबाई जित्ती आसती तर म्हनली आसती, "लग्नाला निघाला का वो?" तिला मी दुपारी पिठलं-भाकरी करून घालायचो. पिठल्यात गुठळ्या व्हायच्या, ती गपगुमान खायची. दिवसभर वेल मोजायची, पानं मोजायची, फुलं मोजायची, काकडीची लांबी घ्यायची, रस काढून एका दुर्बिनीसारख्या नळीतनं गोडी बघायची. मधी-मधी बोलायची. तिचं गाव खर्ड्याकडं. घरच्यांनी तिला जूनपत्तुरच मुदत दिल्ती. जूनला पदवी झाली तर नोकरी बघू दे, न्हाई झाली तर लगीन. "म्हणून हा प्रयोग पहिल्याच फटक्यात नीट व्हायला हवा, काका," ती म्हनायची. मी म्हनायचो, "आगं, गहिनीनाथाच्या हातात हाय म्हंजी झालाच." आसा मी तोंडाचा मोकळा.

चारच्या गाडीनं ती गेली की मंगळवार संपला. मंग बुधवार, गुरवार, शुक्रवार... हे दिस कशाला केल्यात देवानं कुनास ठावं.

मार्च लागला आन काकडी तोडाय आली. लाल-निळ्या वळीतली काकडी सरळ, हिरवीगार, हातात घेतली तर भरीव. पांढरीतली बघवत नव्हती. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या, आन काकडी कशी, तर देठाकडं बारीक, बुडाला फुगलेली, वांग्यागत. चावून बघितली तर पानचट. मी तोडायचो, वजन करायचो, निकितानं दिलेल्या वहीत लिहायचो. लाल इतकं, निळी इतकं, पांढरी तिच्या निम्मंबी न्हाई.

निकिता खूश. "बघा काका, पालाश नसला की काय होतं! पोत गेला, आकार गेला, वजन गेलं. किती स्पष्ट दिसतंय!"

तिला दिसत हुतं ते मलाबी दिसत हुतं, पर तिला आकडा दिसत हुता आन मला उपाशी दिसत हुतं.

त्या शनिवारी मी लाल वळींच्या, निकितानं मोजून बांधून दिलेल्या पालाशच्या पुड्या फोडल्या. तीन वळी, तीन पुड्या, दुप्पट मापाच्या. बादलीत टाकता टाकता हात थांबला. म्हनलं, यांच्या ताटात दोन-दोन लाडू, आन शेजारी बसलेल्याचं ताट कोरडं. कुनी सांगितलंय आसं वाढायला? मी पुडीतला निम्मा पालाश बाजूला काढला, पांढरीच्या बादलीत कालवला आन वाकत वाकत तीनी वळींना घातला. खरं सांगतो, लई दिवसांनी मला बरं वाटलं. घरी यिऊन पोटभर जेवलो.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याबी. आता समद्या नऊ वळींच्या ताटात सारखंच पडत हुतं. पांढरीवर नवी पानं आली ती तुकतुकीत. पंधरा दिसांत काकडी सरळ यायला लागली. वहीत मी आकडं खरंच लिहीत हुतो बरं का! वजनात येक ग्रामबी खोटा न्हाई. म्हनून मला वाटायचं, मी कुठं खोटं केलं?

मंगळवारी निकिता पांढरीच्या वळीपाशी उकिडवी बसली ती उठंचना. खालची करपलेली पानं बघितली, वरची हिरवी बघितली, परत खालची बघितली.

"काका, यांना काही पडलं का? चुकून? बादलीची अदलाबदल?"

हितं बोलायला पायजे हुतं. तोंडापत्तुर आलं हुतं. पर मनात काय आलं ठावं हाय का? सांगितलं तर प्रयोग मोडला. प्रयोग मोडला तर ही पोरगी पुढच्या मंगळवारी कशाला येईल? फाट्यावर धाची गाडी येईल, दार उघडंल, दुसरंच कुनीतरी उतरंल.

"मला काय म्हाईत," मी म्हनलं. "रान हाय. आपआपलं सावरलं आसंल."

तिनं माझ्याकडं बघितलं आन मान हालवली. मान्य केलं पोरीनं. म्हाताऱ्या मान्सावर कोन संशय घेतं? तिथनं पुढं प्रत्येक मंगळवारी पिठलं मी खाली मान घालून खाल्लं, पर मंगळवार मात्र येत राह्यला. मी त्यो घेत राह्यलो.

येप्रिलात शेवटचा तोडा झाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी निकिता गाडीतनं उतरली ती डोळं सुजवून. लुनावर मागं बसली. मी आपला "ऊन लई वाढलंय", "औंदा पानी कसं पुरतंय काय की", आसं बडबडतोय. बाजंवर बसल्यावर तिनं सांगितलं.

तिच्या सरांनी सगळी बेरीज बघितली हुती. पहिलं तीन-चार तोडं पांढरी मागं, आन मंग अचानक समदं सारखं. वजन सारखं, लांबी सारखी, गोडी सारखी. सर म्हनलं, आसं व्हतच न्हाई. येकदा पालाश कमी पडायला लागला की ते झाड आपआपलं वर येत न्हाई. म्हंजी तू पहिल्या तोड्यांपुरती रानात गेलीस, आन नंतर हॉस्टेलवर बसून आकडं लिहिलेस.

"मी खोटं लिहिलं म्हणतात, काका." तिचा आवाज फाटला. "सगळ्यांसमोर. मी एक मंगळवार चुकवला का हो? तुम्ही सांगा ना, एक तरी चुकवला का?"

"येकबी न्हाई," मी म्हनलं. ते खरं हुतं. तेवढंच बोललो.

आयला, काय सांगू तुमाला! पोरगी माझ्यासमोर रडतीय, आन रडायचं कारन तिच्यासमोर धुतलेलं धोतर नेसून बसलंय. तरीबी मी गप. तिनं खुंट्यांचा फोटू काढला, वहीचा फोटू काढला, पुरावा म्हनून. पिठलं केलेलं तसंच राह्यलं. फाट्यावर सोडलं तिला. गाडीत चढताना म्हनली, "शुक्रवारी सरांनी शेवटचं बोलावलंय. त्यांनी प्रबंध नाकारला तर संपलं."

बुधवार गेला. गुरवारी मी शेळीला बांधलं, करडाला पाला टाकला आन रानात यिऊन बसलो. वेल वाळायला लागलं हुतं. चाळीस वर्सं जेवलेल्या मान्सांची तोंडं मला आठवत्यात, पर त्या दिशी समोर येकच तोंड येत हुतं, आन ते माझ्या घरातनं न जेवता उठलं हुतं. मी स्वतःलाच शिव्या घातल्या, मोठ्यांदा. वस्तीवर ऐकायला कोन हुतं?

शुक्रवारी सकाळी सातच्या गाडीनं निघालो. शेवगावला गाडी बदलली. उभा राहूनच गेलो, गुडघं बोंबलत हुतं. कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं अडवलं, "कुनाकडं?" म्हनलं, "काकडीवाल्या सरांकडं." त्यो हसला. मी म्हनलं, "हस नगं, फोन लाव."

सरांच्या खोलीबाहेर बाकड्यावर निकिता बसलेली. मला बघून उठली. "काका? तुम्ही?" मी तिच्याकडं न बघता तसाच आत घुसलो. तिच्याकडं बघितलं आसतं तर माघारी फिरलो आसतो.

"सर, मी गहिनीनाथ. हिच्या प्रयोगाचं रान माझं. पोरीनं आकडं खरं लिहिल्यात. खोटं मी केलंय."

आन सांगितलं. लाल पुडीतला निम्मा, पांढरीच्या बादलीत, कोनत्या शनिवारपास्नं, किती मग. समदं तोंडपाठ हुतं. वाढप्याला कुनाला काय वाढलं ते ध्यानात राहतंच.

सर आधी हसलं, मंग गंभीर झालं. "पण का, बाबा?"

"बघवंना."

"काय बघवेना?"

"उपाशी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठिवला. मंग म्हनलं, "हे हिनंच तुम्हाला पढवून आणलं नाही कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. "वो सर! सत्तर वर्सांचा मानूस दोन गाड्या बदलून, उभा राहून, स्वतःची अब्रू घालवायला येतो व्हय? माझ्या बोलन्यावर भरोसा नसंल तर मातीवर ठिवा. पांढरीच्या वळीतली माती काढा आन तपासा. तिला काय कुनी पढवलेलं न्हाई."

ते मातर सरांना पटलं. तिथल्या तिथं मानूस पाठवायचं ठरलं. निकिताला आत बोलावून सर म्हनलं, "मी तुला खोटारडी म्हणालो, ते चुकलं माझं." पोरीच्या नावावरचा डाग निघाला, तेवढं झालं. पर प्रयोग बाद. नऊच्या नऊ वळी बाद. पावसाळ्यात पुन्ना पयल्यापास्नं, आन तेबी कॉलेजच्याच रानात, तारेच्या कुंपनात, जिथं कुनी गहिनीनाथ जानार न्हाई. जूनची पदवी गेली दिवाळीच्या पुढं.

बाहेर आल्यावर निकिता माझ्यासंग फाटकापत्तुर आली. स्टँडपत्तुरबी आली. माझ्यापेक्षा चार पावलं पुढं चालत हुती. स्टँडवर निंबाच्या सावलीत थांबलो तवा तिनं तोंड उघडलं.

"तुम्हाला त्या झाडांची दया आली, काका. माझी नाही आली?"

मी खाली बघितलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला. तिथं, वळीत बसून विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर पुढचे एवढे आठवडे तरी वाया गेले नसते. मी तेव्हाच दुसरीकडं टोकून घेतलं असतं. आता बाबांना काय सांगू? काकांना राहवलं नाही, म्हणून सांगू?"

"तवा सांगनारच हुतो पोरी," मी म्हनलं. "तोंडापत्तुर आलं हुतं."

"मग?"

आता लपवायला काय उरलं हुतं? "सांगितलं आसतं तर तू आली नसतीस. मंगळवारी. वस्तीवर कुनी नसतं गं. आठ दिसांत येक दिस कुनीतरी यायचं, समोर बसून जेवायचं. त्यो येक दिस जाऊ नाई म्हनून मी गप बसलो. वेलाची दया हुती ती पयल्या दिशी. त्याच्या फुडं समदी माझी सोतःचीच दया."

हे मी आजपत्तुर वाल्मिकलाबी बोललो न्हाई. कुनालाच न्हाई. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता ही पोरगी काहीतरी गोड बोलंल. बोलावं आसं लई वाटत हुतं.

तिचा राग थोडा उतरलेला दिसला. पदरानं, म्हंजी ओढनीनं, तोंड पुसलं. "एवढं एकटं वाटतं तर तसं सांगायचं ना, काका. प्रयोगासाठी नाही, असंच ये म्हणून सांगायचं."

"सांगितलं आसतं तर आली आसतीस?"

शेवगावची गाडी स्टँडात वळत हुती, लोकं पिशव्या घिऊन पुढं सरकायला लागली, कुनीतरी मला ढकलून गेलं. ती इचार करत हुती, खरोखरचा इचार, काकडीची लांबी घेताना करायची तसा, येक सूत इकडं न्हाई की तिकडं न्हाई.

"नाही," ती म्हनली. "नसते आले."

गाडी लागली. मी म्हनलं, "बरं." दांडीला धरून वर चढलो. सरांना मी जे सांगायला आलो हुतो, की ही पोरगी खोटं बोलनारी न्हाई, ते खरंच हुतं.